हा वॉकर आधी कुणाचा?

उसन्या खोलीत येणारा माणूस कितीही घाईत असो, वस्तूला हात लावण्याआधी एक प्रश्न विचारणारच. चाकं नीट फिरतात का, वजन पेलेल का, हे सगळं नंतर. आधी डोळे बारीक करून, आवाज खाली आणून तो विचारणार, "ही आधी कोण वापरायचं?"

आणि स्पोकमामांकडे उत्तर तयार असायचं.

"ही खुर्ची ना? एक मुकादम होता. गुडघ्यांनी पार हात टेकलेले. वर्षभर या खुर्चीत बसला आणि आता बघा, बायकोशी वाजलं की रागारागानं तीन जिने चढून गच्चीवर जाऊन बसतो. ती बिचारी खाली उभी राहून हाका मारते."

एवढं ऐकलं की समोरच्याचा चेहरा सैल व्हायचा. ज्या खुर्चीतून उठून माणूस गच्चीवर गेला, ती खुर्ची घरात न्यायला कोण नाही म्हणेल? खरं म्हणजे मुकादम गच्चीच्याही बराच वर गेला होता. पण ते मामांनी का सांगावं?

आजारपणात लागणाऱ्या वस्तू उसन्या मिळायच्या म्हणून नाव उसनी खोली. तशी लहानच. रहिवासी मंडळाची. पूर्वी तिथे सभेच्या घडीच्या खुर्च्या आणि एक मुका लाउडस्पीकर असायचा. आता भिंतीला कुबड्या टांगलेल्या, कोपऱ्यात कमोडच्या खुर्च्या एकात एक बसवलेल्या, डोक्याकडून उचलता येणारी लोखंडी खाट उभी करून ठेवलेली, आणि मध्ये स्टुलावर मामा, एका हातात पाना, दुसऱ्या हातात चहा. आयुष्यभर सायकली दुरुस्त केल्या म्हणून नाव स्पोकमामा. दुकान बंद केलं तेव्हा त्यांना वाटलं होतं की आता आराम. आराम दोनच आठवडे टिकला, कारण घरात अक्का होती. अक्का म्हणजे थोरली बहीण. तिचे यजमान गेल्यापासून दोघं भावंडं एकत्र राहायची, आणि रिकामा बसलेला पुरुष दिसला की तिला त्याच्याकडून माळा साफ करून घ्यावासा वाटायचा.

त्या माळ्यावरूनच सगळं सुरू झालं. वस्ती बसच्या शेवटच्या थांब्यावरची, मोठं हॉस्पिटल नदीपलीकडे. तिथून माणसाला घरी सोडताना सांगायचे, वॉकर घ्या, उंच खुर्ची घ्या, आठवडाभरात चालायला लागा. नदीपलीकडचे लोक घ्यायचे आणि चालायला लागायचे. इकडचे लोक मान डोलवायचे, घरी येऊन भिंतीला धरून चालायचे, पडायचे, आणि पुन्हा त्याच हॉस्पिटलात. हाडं दोन्हीकडची सारखीच, पण जुळायला इकडच्यांना दुप्पट वेळ. वस्तीतल्या छोट्या आरोग्य केंद्रात घरोघर फिरायचं काम एका तरुण ताईकडे होतं. तिच्या लक्षात आलं की अर्ध्या घरांच्या माळ्यांवर असल्याच वस्तू गंजत पडल्यात, कुणाच्या आजोबांच्या, कुणाच्या सासूच्या. तिनं मंडळाकडून खोली मिळवली, केंद्राकडून धुण्या-पुसण्याचं औषध मिळवलं, आणि माळा साफ करत असलेल्या मामांना शिडीवरून खाली उतरवलं.

वस्तू गोळा झाल्या, दुरुस्त झाल्या, चकचकीत झाल्या. आणि कुणी नेईनात. यायचे, बघायचे, तो प्रश्न विचारायचे, खरं उत्तर ऐकायचे आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून जायचे ते जायचेच. मेलेल्या माणसाच्या खाटेवर झोपायला कुणाला आवडतं? मामांनी आठवडाभर हे बघितलं आणि मग मुकादमाला गच्चीवर पाठवलं.

ताईच्या कानावर आलंच. "मामा, किती खोटं बोलायचं?"

"वॉकरपुरतं," मामा म्हणाले. "खाटेसाठी थोडं जास्त लागतं."

ताईनं तोंड फिरवलं. हसायला फिरवलं की रागानं, ते मामांना दिसलं नाही, पण पुढे तिनं विषय काढला नाही.

आता गंमत अशी की दिवसभर खोटं बोलणाऱ्या माणसाला संध्याकाळी कुठेतरी खरं बोलावं लागतं, नाहीतर पोट फुगतं. मामा घरी येऊन हाताचं ग्रीस धुवायला लागले की आतून हाक यायची, "धाकट्या, आज काय परत आलं?"

साठी उलटलेल्या मामांना अजून धाकट्या म्हणणारी जगात ती एकच. मग मामा सगळं सांगायचे. कोण गेलं, कसं गेलं, सुनेनं शेवटी पाणी दिलं की नाही, वॉकर परत करायला आलेला मुलगा रडत होता की घड्याळ बघत होता. अक्का तोंडाला पदर लावून ऐकायची आणि मध्ये मध्ये दुरुस्त्याही सुचवायची, कारण सुनेची बाजू तिनं आधीच दुसरीकडून ऐकलेली असायची. उसन्या खोलीतली एकही वस्तू अशी नव्हती की जिचा खरा इतिहास अक्काला पाठ नव्हता.

एक सोडून. दाराआडचा एक वॉकर. त्याबद्दल तिनं विचारलं होतं तेव्हा मामा म्हणाले होते, "असाच आला." पण असाच म्हणजे कसाच, हे अक्कानं मनात बाजूला काढून ठेवलं.

आणि मग अक्का पडली.

स्वयंपाकघराच्या झरोक्यातून समोरच्या इमारतीत नवं बिऱ्हाड येताना दिसत होतं. टेम्पोतून नक्की काय काय उतरतंय हे नीट दिसावं म्हणून ती स्टुलावर चढली. कपाट बघितलं, गादी बघितली, आणि तिसरं काहीतरी मोठं कापडात गुंडाळलेलं होतं ते बघायला टाचा उंचावल्या. खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलात स्ट्रेचरवरसुद्धा ती मामांना म्हणाली, "ते कापडातलं काय होतं ते बघून ठेव."

ऑपरेशन झालं, सळई बसली, घरी आणलं. पहिल्याच दिवशी ताई आली. तिनं पाय हलवून बघितला, पाठ बघितली, आणि खाटेच्या कडेवर बसून सरळ सांगितलं, "अक्का, हाड आपलं काम करेल. पण तुम्ही या आठवड्यात उभ्या राहिला नाहीत तर पायातली ताकद जाईल, छातीत कफ भरेल, पाठीला जखमा होतील. मग उठणं दिवसेंदिवस अवघड होत जातं. मामा, उद्या वॉकर आणा."

मामांनी वॉकर आणला. अक्कानं दारातूनच ओळखला.

"हा चष्मेवाल्याच्या आईचा. न्हाणीघरात पडून गेली ती. मी नाही धरणार."

मामा परत गेले, दुसरा घेऊन आले.

"हा तर पोस्टातल्या म्हाताऱ्याचा. दोन्ही मुलं शेवटपर्यंत आली नाहीत. तूच सांगितलंस, जेवताना."

"अगं, बरा झाला तो. मुलाकडे गेला राहायला."

"धाकट्या," अक्का शांतपणे म्हणाली, "हे तू खोलीत सांग. घरी नाही."

आयुष्यभर चाकं सरळ करणाऱ्या माणसाला आपलंच चाक कुठे वाकलं ते पहिल्यांदा दिसलं. वस्तीतल्या प्रत्येक घराला त्यांनी गोड बोलून गळाला लावलं होतं, आणि स्वतःच्या घरी रोज संध्याकाळी बसून ते सगळं उसवून ठेवलं होतं.

"मग नवा विकत आणतो," ते म्हणाले.

"आण. म्हणजे गल्लीला कळेल की स्पोकमामाच्या घरच्यांनाच खोलीतल्या वस्तू चालत नाहीत. उद्या तुझ्या मुकादमाच्या खुर्चीत कुत्रंसुद्धा बसणार नाही."

हे तिनं बरोबर ओळखलं होतं. समोर राहायला आलेल्यांनी आत्ताच विचारलं होतं की खाट मिळेल का, आणि मिळेल म्हटल्यावर पुढचं वाक्य होतं, "तुमच्या अक्कांनी कोणता वॉकर घेतला?" लोक विचारतातच.

"मग काय करणार आहेस?"

"पडून राहते," अक्का म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. तिचं भिंतीकडे तोंड करणं मामांनी तिच्या यजमानांच्या वेळी एकदा बघितलं होतं. तेव्हा तिनं महिनाभर केलं होतं. आता महिना नव्हता हाताशी.

दोन दिवस ती तशीच राहिली. मामांनी उठवायचा प्रयत्न केला तर त्यांचीच कंबर धरली. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना, काही न सुचून, मामा म्हणाले, "तो दाराआडचा आणू का?"

भिंतीकडचं तोंड वळलं.

"असाच आलेला?"

"हो."

"तो कुणाचा?"

"सांगता येत नाही."

आता बघा, या माणसानं गेल्या पन्नास वर्षांत असं वाक्य उच्चारलं नव्हतं. आईनं कुणाला सांगू नको म्हटलेली गोष्टही ज्यानं सांगण्याआधी फक्त दार लावून घेतलं, तो म्हणतोय सांगता येत नाही. अक्का कोपरावर उठली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा आपण होऊन उठली.

"मेला का वापरणारा?"

"नाही."

"खोटं."

"तुझी शपथ. चांगला चालता-फिरता आहे."

"बाई की पुरुष?"

मामांना त्या क्षणी सुचलं ते वस्तीतल्या एकाही डॉक्टराला सुचलं नसतं, कारण डॉक्टरांना अक्का माहीत नव्हती. ते म्हणाले, "तो वॉकर धरून खोलीपर्यंत चालत ये. तिथे सांगतो."

"इथे सांग."

"तिथे."

दुपारी ताईनं वॉकर आणला, पायांतली चारी बटणं दाबून तो खटाखट वर ओढला आणि अक्काच्या उंचीला आणला. अक्का ते बघत होती. मग दोन्ही हातांनी धरून ती उभी राहिली, थरथरली, शिवी दिली, आणि पुन्हा बसली. ताईला त्यातलं उभं राहणं तेवढं महत्त्वाचं वाटलं.

पुढचे दिवस घरात दोनच आवाज होते, वॉकरच्या रबरी बुटांचा आणि अक्काच्या अंदाजांचा.

"डॉक्टरांच्या सासूचा?"

"नाही."

"बेकरीवाल्याचा. तो गेल्या वर्षी लंगडत होता."

"त्याला नखुरडं झालं होतं."

"मंडळाच्या अध्यक्षाचा? बायकोनं ढकललं असणार."

"अक्का, पाय उचल. घासू नकोस."

खाटेपासून दारापर्यंत झालं, दारापासून न्हाणीघरापर्यंत झालं. ताई येऊन व्यायाम वाढवून जायची आणि जाताना मामांना हळूच विचारायची, "खरंच कुणाचा आहे हो?" म्हणजे आग तिकडेही लागली होती.

इकडे मामांची झोप उडाली होती. कारण तो वॉकर होता शिवणबाईंचा.

शिवणबाई राहायच्या गल्लीच्या मध्यावर, रस्त्याकडच्या खिडकीत शिवणयंत्र लावून. एके काळी अक्काची आणि त्यांची इतकी दोस्ती की एकीला शिंक आली तर दुसरी रुमाल काढायची. मग एकदा अक्का ब्लाउजचं माप द्यायला गेली असताना शिवणबाईंनी चार गिऱ्हाइकांसमोर टेप दंडाभोवती गुंडाळली आणि मोठ्यानं म्हणाल्या, "अगं, मागच्या वेळी हा आकडा कमरेचा होता ना?" झालं. बारा वर्षं दोघी बोलत नव्हत्या. अक्का त्या खिडकीवरून जाताना मान अशी वळवायची की समोरची भिंतच जणू तिच्या ओळखीची आहे.

दोन वर्षांपूर्वी शिवणबाई "मुलीकडे गेल्या" होत्या. गल्लीला एवढंच माहीत. प्रत्यक्षात त्या खुबा मोडून आधी हॉस्पिटलात आणि मग पडदे ओढून स्वतःच्याच घरात होत्या, कारण पायानं यंत्र चालवणाऱ्या बाईचा पायच गेला असं कळलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं आणि सहसा परत येत नाही. वॉकर त्यांच्या मुलीनं आणून दिला होता. काम झाल्यावर त्यांनी तो अंधार पडताना खोलीत आणून ठेवला आणि मामांकडून वचन घेतलं. मामांनी आयुष्यात पाळलेलं ते एकमेव वचन, आणि त्याचाही आता लिलाव मांडून बसले होते.

अक्का अंगणापर्यंत चालायला लागली तेव्हा मामा शिवणबाईंच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"बाई, एक अडचण झालीय."

"बटण तुटलंय का?"

"नाही. अक्का तुमच्या वॉकरवर चालतेय."

यंत्र थांबलं. "तुम्ही सांगितलंत?"

"नाही ना. सांगितलं नाही म्हणूनच चालतेय."

मामांनी सगळं सांगितलं. शिवणबाई दोरा दातानं तोडून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "काय काय अंदाज बांधले तिनं?"

"बेकरीवाला. अध्यक्ष. काल तर पोस्टमनपर्यंत गेली."

"माझं नाव?"

"एकदाही नाही."

हे ऐकून शिवणबाईंना बरं वाटलं की वाईट, मामांना कळेना. त्यांनी कापड सरळ केलं. "माझं गुपित तुम्ही सांगायचं नाही."

"मग ती खोलीत पोचेल तेव्हा मी काय सांगू? तिथं खोटं पकडलं तर ती वॉकर तिथेच टाकून देईल, आणि पुन्हा भिंत आहेच."

"तो तुमचा प्रश्न," शिवणबाई म्हणाल्या आणि यंत्र सुरू केलं.

अक्कानं दिवस ठरवला. सकाळची वेळ, गल्लीत वर्दळ असताना, म्हणजे बघणारे असतील. मामा पुढे जाऊन खोलीचं कुलूप काढणार होते. कुलूप काढायला गेले तर दारात, पायरीवर, शिवणबाई बसल्या होत्या. मांडीवर कापडाची पुरचुंडी.

"काय बघताय? उघडा."

मामांनी उघडलं. त्या आत जाऊन मामांच्याच स्टुलावर बसल्या. मामा कुठे उभं राहावं ते न कळून मुकादमाच्या खुर्चीत बसले.

अक्का येत होती. वॉकर, पाय, पाय. वॉकर, पाय, पाय. समोरच्या नव्या बिऱ्हाडातली बाई दारात आली होती. बेकरीवाला फळीवर रेलला होता. शिवणबाईंच्या खिडकीशी आल्यावर अक्कानं सवयीनं मान वळवायला घेतली, पण वॉकर धरून मान वळवली की तोल जातो, म्हणून तिला सरळ बघावं लागलं. खिडकी बंद होती. ती क्षणभर थांबली आणि पुढे निघाली.

दारात आली. स्टुलावर कोण बसलंय ते बघितलं. मामांनी डोळे मिटून घेतले.

"वॉकर इतका पुढे ढकलू नकोस," शिवणबाई म्हणाल्या. "पळून नाही जात तो. आणि दुखरा पाय आधी. चांगला नंतर."

"मला शिकवू नकोस," अक्का म्हणाली. "शिकवायला ताई येते माझ्याकडे. पगारी."

"ती शिकवते. मी त्याच्यावर चार महिने काढलेत."

"माहीत आहे."

मामांनी डोळे उघडले. "काय माहीत आहे?"

"पहिल्या दिवशी ताईनं त्याचे पाय केवढे वर ओढले," अक्का भावाला म्हणाली, "बघितलं नाहीस? कमरेइतका नव्हे, गुडघ्याइतका होता तो. या गल्लीत एवढी बुटकी बाई एकच आहे."

शिवणबाईंनी नाक उडवलं.

"मग बेकरीवाला कशाला? अध्यक्ष कशाला?" मामांचा आवाज चढला. "आणि माहीत होतं तर इथवर चालत कशाला आलीस?"

"तू सांगतोस की नाही ते बघायला." मग तिनं नजर स्टुलाकडे वळवली. "आणि ही येते की नाही ते बघायला."

मग अक्का, वॉकरवर तशीच रेलून, जरा हळू म्हणाली, "बाकीच्यांचं धाकट्यानं मला सांगितलेलं. सगळे गेले. तू रोज सकाळी दूध घेऊन माझ्या झरोक्याखालून जातेस ना, पाय आपटत. एवढी पाय आपटत जाणारी बाई या वॉकरवरून उठली असेल तर मग म्हटलं, धरून बघू."

"मी पाय आपटत नाही."

"आपटतेस. लोकांची झोप मोडते."

शिवणबाईंनी पुरचुंडी सोडली. वॉकरच्या मुठींसाठी कापसाची भर घालून शिवलेले दोन गिलाफ होते, जुनेच, पण धुतलेले. "हे मी काढून ठेवले होते. रबरानं तळहाताला फोड येतात. हात दे."

अक्कानं हात पुढे केला. तळहाताला फोड होतेच.

"दंड बघ केवढा झालाय," शिवणबाई गिलाफ चढवता चढवता पुटपुटल्या.

"पुन्हा म्हण," अक्का म्हणाली. "पुन्हा म्हणून बघ."

पण हात काढून घेतला नाही.

खोलीच्या दारात नव्या बिऱ्हाडातली बाई येऊन उभी होती. सासऱ्यांसाठी ती डोक्याकडून उचलणारी खाट हवी होती तिला. तिनं डोळे बारीक केले, आवाज खाली आणला, आणि मामा तोंड उघडणार तेवढ्यात शिवणबाईच म्हणाल्या, "खाटेचं त्यांना विचारा. वॉकरचं मला विचारा. हा माझा होता."

गल्लीला दुपारपर्यंत कळलं. शिवणबाईंचं एकही गिऱ्हाईक गेलं नाही. उलट दोन वाढली, कारण हकिगत त्यांच्याच तोंडून ऐकायची तर ब्लाउज शिवायला टाकणं हा सोपा मार्ग होता. खाटेचं मामांनी त्या दिवशी खरं सांगितलं का? चष्मेवाल्याचे वडील तिच्यावर दोन वर्षं आरामात झोपले आणि शेवटी झोपेतच गेले, एवढं सांगितलं. बाईनं विचार केला आणि म्हणाली, आरामात म्हणताय ना, मग द्या. तेव्हापासून ताईनं एक पद्धत पाडली. जो बरा होऊन वस्तू परत करेल त्यानं एक सकाळ खोलीत बसायचं, विचारणाऱ्यांशी बोलायला. मामांवरचं ओझं त्यामुळे बरंच कमी झालं, पण मुकादमाला गच्चीवरून खाली आणायचं मात्र त्यांच्या जिवावर आलं. तो अजून तिथेच आहे.

अक्का वॉकर परत करायला आली तेव्हा एका हातात काठी होती आणि दुसऱ्या बाजूला शिवणबाई, दोघी एकमेकींना हळू चाल म्हणून दटावत.

"धाकट्या," वॉकर दाराआड ठेवून अक्का म्हणाली, "पुढचा कुणी विचारेल, तेव्हा माझं काय सांगशील?"

"जे झालं तेच."

अक्कानं जरा विचार केला.

"तेवढंच नको," ती म्हणाली. "थोडं वाढवून सांग. आणि त्या टेम्पोतलं कापडातलं काय होतं, ते अजून सांगितलं नाहीस."